आज काट्यावर चढलात का? (प्रकल्प नोंदी, मिरज-तासगाव, जून 2024 ते फेब्रुवारी 2025)

17 जून 2024, सोमवार

पहिली बैठक. मिरजेत डॉक्टर सरांच्या ओपीडीमागच्या खोलीत, दुपारी दोन वाजता, कारण त्याआधी पेशंट संपत नाहीत. सर, दोन सिस्टर आणि अ‍ॅप बनवणारी मी. हृदयाचं पंपिंग कमी झालेले पेशंट बरे होऊन घरी जातात आणि दोन-तीन महिन्यांत पाय सुजून, धाप लागून पुन्हा दाखल होतात. मधल्या दिवसांत घरी काय चाललंय ते इथं कुणाला कळत नाही, आणि बऱ्याचदा त्यांचं त्यांनाही कळत नाही. अंगात पाणी साठायला लागलं की वजन वाढतं; ते वेळेत ओळखता यावं म्हणून रोजचं वजन विचारणारं फोनवरचं काहीतरी उभं करायचं. सुरुवातीला मिरज आणि तासगाव तालुक्यातले 24 जण.

पहिला तास नावातच गेला. मी स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'हार्ट फेल्युअर' लिहून आणलं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हे आधी पुसा." आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. डिस्चार्ज कार्डावर ते दोन शब्द वाचून एका आजोबांनी वाटणीसाठी पोरांना बोलावून घेतलं होतं म्हणे. लोक स्वतः म्हणतात 'पंपिंग कमी झालंय'. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद पुढे करून 'पंपिंग तीस टक्के हाय' असं सांगतात आणि मनात शाळेचे मार्क धरतात. पस्तीसला पास, म्हणजे आपण नापास. धडधाकट हृदयसुद्धा आतलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्के टाकतं. एवढं सांगितलं तरी माणूस खुर्चीत सरळ बसतो, असं सर म्हणाले.

ठरलं: सगळीकडे 'कमी पंपिंग'. माझ्या फोल्डरचं नावही तेच. नोंदीत कुणाचं नाव नको, प-01 ते प-24.

25 जून, मंगळवार

अ‍ॅप मेलं. बैठकीच्याही आधीपासून खपून बनवलेलं, हिरवा-पिवळा-लाल रंग, आलेख, गोळ्यांची आठवण, सगळं. सिस्टरांनी 24 घरी विचारलं. स्वतःच्या हातात स्मार्टफोन असलेले सहा. बाकीच्यांकडे बटणाचा फोन, नाहीतर घरातला 'मोठा फोन' म्हणजे नातवाचा, जो सकाळी साडेसातला त्याच्याबरोबर कॉलेजला जातो. वजन करायची वेळ नेमकी तीच.

संध्याकाळी सांगलीतल्या विश्रामबागेतून घरी चालत आले, रागाच्या भरात. आता फोन आपणच करायचा, साधा. रेकॉर्ड केलेला आवाज विचारणार, त्यांनी बटण दाबायचं. अ‍ॅपचा आलेखाचा भाग सिस्टरांच्या संगणकावर ठेवते. निदान तो तरी वाया जाणार नाही.

2 जुलै, मंगळवार

काटे आले. डिजिटल, काचेचे, चार कोपऱ्यांत चार पाय, बटण सेलवर चालणारे. घरोघर देण्याआधी बेडगला प-03 च्या घरी मी स्वतः चढून पाहिलं. पडवीतल्या शहाबादी फरशीवर 61.2. आत शेणानं सारवलेल्या जमिनीवर 60.3. गोधडीवर ठेवून (आजींनी काचेला चरा नको म्हणून खाली गोधडी घातली होती) 56.8. माणूस एकच, दहा मिनिटांत जवळजवळ साडेचार किलोचा फरक. आम्ही तीन दिवसांत दोन किलोच्या फरकावर धोक्याची घंटा वाजवणार आहोत.

म्हणून काट्याबरोबर प्रत्येक घरी जागाही ठरवून द्यायची. फरशीचा सपाट तुकडा शोधायचा, खडूनं चौकोन आखायचा. ज्या घरी फरशीच नाही तिथं कडाप्पाचा तुकडा न्यायचा. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. 'त्याच कपड्यांत' यावर आजी हसल्या. नऊवारीचं वजन धरायचं का सोडायचं? धरायचं, पण रोज नऊवारीच. लग्नाला जायच्या दिवशीचं शालूतलं वजन आम्हाला नको.

सेल 2032 नंबरचे आहेत. घरात लहान मूल असेल तर झाकणाला चिकटपट्टी लावायची, सिस्टरांच्या यादीत टाकलं. असला सेल पोरानं गिळला तर भलतंच होऊन बसेल.

11 जुलै, गुरुवार

मराठी आकड्यांनी घाम काढला. इंग्रजीत वीस-तीस तुकडे रेकॉर्ड केले की जोडून कुठलाही आकडा बोलता येतो. आपल्याकडे एकोणसाठ वेगळा, एकोणसत्तर वेगळा, त्रेपन्न वेगळा. शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतंत्र बोलून घ्यावा लागला. धाकट्या सिस्टरांनी दुपारी पंखा बंद करून बोलून दिले, घामाघूम होऊन. त्यांचा आवाज मुद्दाम घेतला, त्या मिरजेजवळच्या मालगावच्या. आधी मी पुण्याहून एका बाईंचा आवाज मागवला होता, फार शुद्ध. प-03 आजी ऐकून म्हणाल्या, "बँकेचा फोन हाय, ठेव."

टिंबाचं काय करायचं हाही प्रश्न होता. 58.4 कसं दाबणार? पहिल्या चाचणीत निम्म्यांनी 58 दाबलं आणि पुढचं सोडून दिलं. आता आवाज सांगतो: "काट्यावरचे तिन्ही आकडे दाबा, टिंब सोडून द्या." मग परत बोलून दाखवतो, "अठ्ठावन्न पूर्णांक चार. बरोबर असेल तर एक दाबा."

एसएमएसची रडकथा वेगळीच. मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्याशिवाय जात नाही. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 च अक्षरं मावतात, रोमन लिपीत 160. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. 'कृपया' हा शब्द त्यामुळे सगळीकडून काढून टाकला. गावात कुणाला त्याची उणीव भासणार नाही.

18 जुलै, गुरुवार

काल आषाढी. आज सात लाल घंटा. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, उपवासाचे बटाटे, वर तळलेले पापड, आणि रात्री पारण्याआधी पुन्हा काहीतरी. सिस्टर दिवसभर फोनवर. पाच जणांचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप उतरेल असं सर म्हणाले. दोघांना दम लागत होता, त्यांना बोलावून घेतलं.

मला वाटलं होतं सर मिठावर भाषण देतील. ते म्हणाले, दिवसाला एक लहान चमचा, पाच ग्रॅम, तेवढ्यात राहा, पण भाकरीबरोबर नुसतं पाणी पी असं कुणाला सांगू नका. 2022 मध्ये 806 पेशंटांवर मीठ फार कडक कमी करून पाहिलं होतं, त्यानं मृत्यू किंवा दाखल होणं ठळकपणे कमी झालं नाही. लोणचं, पापड, भडंग, खारे शेंगदाणे यांवर हात आखडा, बस. आणि एक गोष्ट मात्र ठासून सांगा: दुकानात 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं ते घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि यांच्या गोळ्यांमध्ये पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या आधीच आहेत. प-08 च्या सुनेनं प्रेमानं तेच आणलं होतं, दोन महिने वापरत होते. सैंधव म्हणजे काही वेगळं औषध नाही, तेही मीठच, हे सांगताना मात्र वाद होतात.

27 जुलै, शनिवार

कृष्णेचं पाणी वाढतंय. सगळ्यांची नजर सांगलीच्या आयर्विन पुलाकडे: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 ला नदीकाठची माणसं अंगावरच्या कपड्यांनी बाहेर पडली, गोळ्या घरात राहिल्या, त्याची आठवण सिस्टरांना आहे. आज घाईनं एक जादा प्रश्न घातला: "घरात गोळ्या दहा दिवसांच्या आहेत का? असतील तर एक, नसतील तर दोन." नदीकाठच्या चौघांपैकी तिघांनी दोन दाबलं. सिस्टरांनी मेडिकलवाल्याला सांगून पुड्या पोचवल्या. आत्तापर्यंत आम्ही केलेलं सगळ्यात कामाचं काम बहुतेक हेच, आणि त्याला मला वीस मिनिटं लागली.

8 ऑगस्ट, गुरुवार

माझा उत्साह पाहून सरांनी आज मुद्दाम बसवून घेतलं. म्हणाले, तू बनवतेयस तसंच अमेरिकेत करून झालंय. 1,653 पेशंट, रोज फोन करायचा, वजन आणि त्रास बटण दाबून सांगायचा, दवाखान्यात कुणीतरी ते बघायचं. 2010 मध्ये निकाल आला: पुन्हा दाखल होणं कमी नाही, मृत्यू कमी नाहीत. सातातल्या एकानं तर एकदाही फोन केला नाही.

मग आपण हे का करतोय, असं विचारलं. जर्मनीतल्या 2018 च्या अभ्यासाचं सांगितलं. पंधराशेवर पेशंट, तिथंही वजन, रक्तदाब, ईसीजी घरूनच यायचा, पण पलीकडे बर्लिनला डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेले. आकडा आला की लगेच कुणीतरी फोन उचलायचं, गोळी बदलायचं. तिथं वर्षाला शंभरातले 11 जायचे ते 8 वर आले. सर एवढंच बोलून ओपीडीला गेले.

आपल्याकडे चोवीस तास नाही. दोन सिस्टर, नऊ ते पाच, त्यातही ओपीडी. म्हणून रेकॉर्डिंगच्या शेवटी आजपासून: "रात्री अचानक धाप लागली, झोपता येईना, छातीत दुखलं, तर आमच्या फोनची वाट पाहू नका, 108 ला फोन करा." हे आधीच घालायला हवं होतं.

21 ऑगस्ट, बुधवार

प-15 नं एक गोळी बंद केली. कारण विचारलं तर म्हणाले, "मला शुगर न्हाई, आन् मेडिकलवाला म्हणतोय ही शुगरची गोळी." तो खोटं बोलत नाही. डापाग्लिफ्लोझिन आलं मधुमेहासाठीच. ज्यांना शुगर नाही अशा कमी पंपिंगवाल्यांनाही त्याचा फायदा होतो हे 2019 ला दिसलं, आणि 2020 मध्ये आपल्याकडे पेटंट संपल्यावर ती परवडूही लागली. पण ही कहाणी मेडिकलच्या काउंटरवर कोण सांगणार? सिस्टरांनी तिघा मेडिकलवाल्यांना जाऊन भेटायचं ठरवलं. आम्ही पाकिटावर चिकटवायला कागद छापला: 'पंपिंगची गोळी. शुगर नसली तरी घ्यायची.' 500 नग, प्रिंटिंगवाल्यानं 'पंपिग' छापलं, परत दिले.

'लघवीची गोळी' (अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी) हा दुसरा घोळ. बाजाराच्या दिवशी, एसटीनं कुठं जायचं असेल त्या दिवशी बायका ती घेतच नाहीत. एसटीत आणि स्टँडवर सोय काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. गोळीची आठवण करून देणारा माझा संदेश त्या दिवशी निव्वळ मूर्ख ठरतो. सरांना विचारलं. म्हणाले, सकाळीच घ्यायला पाहिजे असं काही नाही, घरी आल्यावर दुपारी घेतली तरी चालेल, फक्त सोडू नका, आणि रात्री उशिरा नको, झोपमोड होते. आता फोनवर "आज बाहेर जाणार असाल तर तीन दाबा" असा पर्याय आहे. तीन दाबलं की आठवणीचा फोन दुपारी तीनला जातो. यावर प-03 आजी सगळ्यात खूश. त्या रेकॉर्डिंगशी बोलतात हे मी आज स्वतः ऐकलं: "व्हय बाई, चढले काट्यावर. आज तासगावला चाललोय, मग तीनच दाबते, काय?"

9 ऑक्टोबर, बुधवार

चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

प-19, तासगावकडचे, द्राक्षबाग. काल पहाटे धाप लागून दाखल. आमच्याकडे एकही घंटा वाजली नव्हती. आकडे काढून पाहिले. 20 सप्टेंबरला 66.1, 7 ऑक्टोबरला 69.0. रोज शे-दोनशे ग्रॅम. कुठल्याही तीन दिवसांत अर्ध्या किलोच्या पुढे नाही. मी घंटा फक्त 'तीन दिवसांत दोन किलो' एवढ्यावरच ठेवली होती. पाणी घागरीत थेंब-थेंब भरत होतं आणि मी नळ सुटलाय का तेवढंच बघत होते.

सर ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, बऱ्याच जणांचं असंच असतं, दाखल व्हायच्या आठवडाभर किंवा त्याहून आधीपासून हळूहळू चढायला लागतं. आता प्रत्येकाचं 'कोरडं वजन' लिहून ठेवलंय, म्हणजे अंगावर सूज नसतानाचं, सरांनी तपासून ठरवलेलं. रोजचा आकडा त्याच्याशीही ताडायचा. कोरडं वजन दर महिन्याला पुन्हा तपासायचं, कारण आजारात माणूस झिजतो. मांस कमी होतं, तेवढंच पाणी भरतं, आणि काटा जागचा हलत नाही. त्यासाठी काट्यावर भरवसा न ठेवता दोन प्रश्न जोडले: "चप्पल किंवा जोडवी घट्ट होतायत का?" आणि "झोपायला आधीपेक्षा जास्त उशी लागते का?" 'दम लागतो का?' हा प्रश्न काढून टाकला. दम लागतो म्हणून माणूस चालणंच बंद करतो, आणि मग इमानदारीत सांगतो, न्हाई लागत.

प-19 चं मूळ कारण सिस्टरांनी काढलं. फळछाटणी चालू होती. दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहायचं, खांदे-गुडघे भरून येतात. गावातल्या दुकानातून अंगदुखीची गोळी, रोज दोन, तीन आठवडे. डायक्लोफेनॅक. असल्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा गुणही कमी करतात, मूत्रपिंडावरही ताण. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर असेल कुठंतरी, इंग्रजीत.

छाटणीच्या महिन्यात अंगदुखीच्या गोळीचा प्रश्न रोज विचारायचा. एप्रिलमधल्या खरडछाटणीलाही. मी सांगलीत वाढले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

14 नोव्हेंबर, गुरुवार

प-22. दिवाळीच्या आधीपासून रोज 58.4. दिवाळीच्या फराळातही 58.4. सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "आक्का लई पथ्याच्या." मला शंका. काटा शंभर ग्रॅमचा फरक दाखवतो आणि माणसाचं वजन सकाळ-सकाळ तेवढं तरी हलतंच. इतका सरळ आलेख मी फक्त मेलेल्या सर्व्हरचा पाहिलाय. परवा जाऊ.

16 नोव्हेंबर, शनिवार

तासगाव तालुक्यातलं गाव, निवडणुकीची धामधूम, रस्त्यावर प्रचाराच्या गाड्या. आक्का घरी एकट्या, सून शेतात. आम्हाला बघून लगबगीनं चहा टाकला, आणि चुलीपासून दारापर्यंत येताना दोनदा थांबल्या. दारातच थांबून पदरानं तोंड पुसायचं निमित्त केलं.

काटा कुठंय? शेवयाच्या पाटाखाली, पिशवीत. सेल नव्हते. "ते नातवानं खेळण्यातल्या गाडीला लावलं." कधी? दिवाळीच्या आधी.

आम्ही बरोबर आणलेले सेल घातले. काटा खडूच्या चौकोनावर ठेवला (खडू पुसला होता, पण फरशी तीच). 60.9. सिस्टर खाली बसल्या, आक्कांच्या नडगीवर अंगठा दाबला, मनात पाच मोजले, उचलला. अंगठ्याएवढा खळगा तसाच राहिला. आक्का त्याकडे बघत होत्या, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. पायातली जोडवी काढून ठेवलेली. कधी काढली? "घट्ट व्हायलती." आणि फोनवर जोडव्याचा प्रश्न? "न्हाई म्हटलं."

सिस्टरांनी आवाज न चढवता विचारलं, का असं, आक्का?

"आवं, मी वजन दाबलं की पुण्याला पोराला कळतंय न्हवं. जरा वाढलं की त्याचा फोन. काय खाल्लंस, लोणचं खाल्लंस, किती वेळा सांगायचं तुला. कामावर असतोय त्यो, तितनं फोन करतोय. आन् सून हितं बसलेली असती, तिला वाटतंय मी तिच्या सैपाकाची चुगली केली. दोघांच्यात माझ्यापायी लागतंय. मग म्हटलं, त्योच आकडा दाबावा. समद्यांचं बरं चाललं हुतं."

मी चहाचा कप हातात धरून बसले. वजन वाढलं की मुलाला एसएमएस ही माझीच करामत. बैठकीत मीच मांडली होती, 'कुटुंबाचा सहभाग' असं नाव देऊन. संमतीच्या कागदावर आक्कांचा अंगठा आहे, पण मुलाला काय-काय कळणार हे त्या कागदावरून त्यांना कळलं असेल असं आज वाटत नाही. आणि माझी स्वतःची आई बीपीच्या मशीनवरचा वरचा आकडा मला नेहमी दहानं कमी सांगते. ते मला वर्षभर माहीत आहे.

सिस्टरांनी तिथूनच सरांना फोन लावला. त्यांनी सांगितलेली जादा लघवीची गोळी आक्कांनी आमच्यासमोर घेतली. उद्या-परवा सिस्टर स्वतः फोन करणार. निघताना आक्का म्हणाल्या, "पोराला सांगू नगा मी खोटं दाबत हुतो." नाही सांगणार.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदान, ओपीडी बंद. आक्का: 60.1, 59.5, 59.2, आज 58.8. आलेख वेडावाकडा, बघून बरं वाटलं.

25 नोव्हेंबर, सोमवार

मुलाशी बोलले. हडपसरला कंपनीत आहे, शिफ्ट. एसएमएस बंद का केला म्हणून तो चिडला, आणि त्याचं चुकीचं नव्हतं. "मला नाही कळवायचं तर कुणाला? उद्या काही झालं तर गाव मलाच विचारणार." दोनशे किलोमीटरवर बसून त्याच्या हातात दुसरं काय आहे? लोणच्याबद्दल ओरडणं एवढंच आहे.

शेवटी ठरलं ते असं. आकडा कुणाला कळवायचा हे पेशंटला तोंडी विचारायचं, घरातलं दुसरं कुणी नसताना, आणि मधे कधीही बदलता येईल. आक्कांनी आशाताईंचं नाव सांगितलं, शेजारच्या गल्लीत राहतात. मुलाला आठवड्यातून एकदा सिस्टरांचा फोन, आकडे नाहीत, आई कशी आहे तेवढं. आकडा सलग पाच दिवस दशांशासकट तोच आला तर संगणक सिस्टरांना सांगेल: फोन करा, सेलची चौकशी करा. चौकशी सेलचीच करायची, खरं-खोटं काढायचं नाही.

12 डिसेंबर, गुरुवार

प-11 गेले. शनिवारी रात्री, झोपेत. आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि कळवायचं कशाला, त्या घरात तेव्हा दुसरी कामं होती. यंत्र आपलं रविवारी सकाळी फोन करत राहिलं. सोमवारीही. मंगळवारी सुनेनं उचलला आणि धाकट्या सिस्टरांच्या त्या गोड आवाजानं विचारलं, "नमस्कार, आज काट्यावर चढलात का?" तिनं दवाखान्यात फोन करून सांगितलं, एवढा फोन बंद करा. बाकी काही बोलली नाही.

दोन्ही सिस्टर आज भेटून आल्या. काटा त्यांनी परत देऊ केला, आम्ही घेतला नाही.

बदल: दोन सकाळी उत्तर आलं नाही तर तिसऱ्या सकाळी यंत्र फोन करणार नाही. माणूस करेल, आधी घरातल्या दुसऱ्या नंबरवर.

सरांना विचारलं, आपल्याला आधी कळायला हवं होतं का? म्हणाले, त्यांचे आकडे नीट होते, पाय नीट होते, तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः बघितलंय. असंही होतं. केरळात तिरुवनंतपुरमला 2013 मध्ये 1,205 पेशंटांची नोंद ठेवली होती, सरासरी वय 61, पाच वर्षांत निम्म्याहून अधिक गेले. या आजाराला साधं समजू नकोस, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

20 जानेवारी 2025, सोमवार

अनोळखी नंबर कुणी उचलेना. सायबर फसवणुकीच्या भीतीनं घरोघर पोरांनी बजावून ठेवलंय, अनोळखी फोन घ्यायचा नाही, बटण तर मुळीच दाबायचं नाही. बरोबरच सांगितलंय. म्हणून उलटं केलं. पेशंटनं मिसकॉल द्यायचा, मग त्याच नंबरवरून दोन मिनिटांत फोन येतो. नंबर मोठ्या आकड्यांत कॅलेंडरच्या वर चिकटवलाय, आणि वजनही आता कॅलेंडरच्याच चौकटीत पेनानं लिहायचं, गॅसच्या आणि दुधाच्या हिशोबाशेजारी. ओपीडीला येताना ते पान फाडून आणतात. सरांना ते संगणकापेक्षा आवडतं, एका नजरेत महिना दिसतो. मीही आता तक्रार करत नाही.

स्मार्टफोनवाल्या सहांपैकी दोघं अजून माझं अ‍ॅप वापरतात. त्यातले एक निवृत्त मास्तर, रोज आलेखाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात, त्याखाली पन्नास नमस्कार येतात.

11 फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सहा-दहाला प-22 चा मिसकॉल. आक्कांची वेळ सातची असते. यंत्रानं फोन लावला, आकडा आला 60.2, जोडव्याला 'हो', उशीला 'नाही'. साडेनऊला सिस्टरांनी फोन केला तर आक्कांनीच आधी सांगायला सुरुवात केली: रविवारी भाच्याचं लग्न, मसालेभात, मठ्ठा, दोन वेळा जेवण, लघवीची गोळी पिशवीत राहिली ती राहिलीच. "काल जोडवी घट्ट झाली तवाच वळखलं. आज सकाळी तुमी ठरवून दिलेली जादा गोळी घेऊनच मिसकॉल दिला. बरोबर केलं न्हवं?"

सिस्टर म्हणाल्या, बरोबर केलं. सरांना कळवलं, परवा रक्त तपासायला बोलावलंय, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनीन. येताना एसटीनं येणार, म्हणजे त्या दिवशी गोळी दुपारी. तीन दाबायची आठवण केली.

पुण्याला मुलाला सिस्टरांचा फोन ठरल्याप्रमाणे शनिवारी. त्याआधी त्याला काही कळवायचं का, असं सिस्टरांनी विचारलं. आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, मीच सांगते.

उद्याची कामं: प-05 चा कडाप्पा फुटला, दुसरा न्यायचा. अंगदुखीच्या गोळीचा प्रश्न एप्रिलच्या वेळापत्रकात टाकायचा. 2032 चे सेल संपलेत, डझनभर आणायचे, आक्कांच्या नातवासाठी दोन जादा.